पत्र्याखालचा गारवा

घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड उभारून त्यात छोटा धंदा करणारी माणसे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. अशा शेडमध्ये वीज कशी आणावी, उन्हाळ्यात तेथे गारवा कसा करावा आणि हे करताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.

अकोल्याचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही, त्याला ऊन म्हणजे काय हे सांगून समजणार नाही. एप्रिल उजाडला की सकाळी नऊ वाजताच रस्ते तापू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. दुपारी बारा ते चार या वेळात रस्ते ओस पडतात. डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. आता अशा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये रंधा मारत बसलेल्या कारागिराची काय अवस्था होत असेल, याचा विचार करा.

आपण एक उदाहरण घेऊ. अकोल्याच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या एका सुतार मिस्त्रींनी घरामागच्या अंगणात बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब शेड बांधली आहे. भिंती विटांच्या आणि वर पत्रे. शेडमध्ये वेगळी वीज नाही. घराच्या खिडकीतून एक लांब वायर काढली आहे. ती कपडे वाळत घालण्याच्या तारेला ठिकठिकाणी बांधत शेडपर्यंत नेली आहे. तिच्यावर एक दिवा आणि एक ड्रिल मशीन चालते. मिस्त्रींचा मुलगा दहावीत आहे. तो म्हणाला, "अब्बा, या उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लावू या. आणि रंध्याचे मशीनही घेऊ या." अब्बांना ते पटले. त्यांनी परवाना असलेल्या एका अनुभवी वायरमनना बोलावले.

वायरमन आले. त्यांनी शेड पाहिली नाही, भिंती पाहिल्या नाहीत. कपड्यांच्या तारेजवळ उभे राहून ते म्हणाले, "भाईजान, ही वायर आधी उतरवा. बाकीचे मग बोलू."

"पण चाचा, ही तर दोन वर्षांपासून अशीच आहे. काही झाले नाही," मुलगा म्हणाला.

"बेटा, वाऱ्याने वायर हलते आणि तारेवर घासते. उन्हाने तिचे वरचे वेष्टन तडकते. एक दिवस आतली तांब्याची तार या लोखंडी तारेला टेकते. मग ही सगळी तारच विजेची होते. आणि इथे रोज कोण येते? ओले कपडे हातात घेऊन तुझी अम्मी येते."

मुलगा काही बोलला नाही. त्याने घरात जाऊन बटण बंद केले, प्लग काढला आणि वायर उतरवली.

यानंतर वायरमन शेडमध्ये गेले. मुलाने विचारले, "चाचा, कूलर कोणत्या बाजूला बसवायचा?" त्यांनी वर बोट दाखवले आणि म्हटले, "आधी पत्रा, मग कूलर."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मे महिन्याच्या दुपारी उन्हातला पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो. त्यावर हात ठेवता येत नाही. असा पत्रा खालची हवा तर तापवतोच, शिवाय तो थेट खाली उष्णता फेकतो. चुलीसमोर बसल्यावर चेहऱ्याला जशी धग लागते, तशीच धग पत्र्याखाली डोक्याला आणि खांद्यांना लागते. मधली हवा गार केली तरी ही धग कमी होत नाही. म्हणून तापलेल्या पत्र्याखाली नुसता कूलर लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. पंख्याचीही तीच गत. पंखा हवा गार करत नाही, ती फक्त हलवतो. हवा आपल्या शरीरापेक्षा गरम झाली की पंखा गरम वाराच अंगावर फेकतो.

धग अडवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला वरून पांढरा रंग देणे. पांढरा रंग उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो. चुन्यात थोडा सरस मिसळून दोन हात दिले तरी फरक जाणवतो. मात्र पावसाळ्यात चुना धुऊन जातो आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेच्या लाटेशी सामना करण्यासाठी आराखडा तयार केला. पुढे त्यात गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही घेण्यात आले. दुसरा उपाय पत्र्याच्या खालून करायचा. पत्रा आणि आपले डोके यांच्यामध्ये वीतभर जागा सोडून प्लायवूडचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत बसवायचे. मधल्या जागेत साठलेली गरम हवा बाहेर जावी म्हणून दोन्ही टोकांना वरच्या बाजूस जाळी ठेवायची. सुताराच्या घरी प्लायवूडचे तुकडे असतातच. मिस्त्रींनी त्यांचेच छत केले.

काही जण पत्र्यावर तुराट्या किंवा कडबा पसरतात. त्याची सावली छान पडते. पण एक ठिणगी पडली की संपले. थर्मोकोलही पटकन पेटते. ज्या शेडमध्ये लाकडाचा भुसा उडतो, तेथे या दोन्ही गोष्टी मला तरी मुळीच पसंत नाहीत.

छताचे काम झाले. आता विजेचा हिशेब. "शेडमध्ये काय काय चालणार आहे, ते सांग," वायरमननी मुलाला विचारले. मुलाने वही काढली. रंध्याच्या मशीनची मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची. "ही झाली मोटार देते ती शक्ती," वायरमन म्हणाले, "ती घेते याहून जास्त. अकराशे लिही." ड्रिल मशीन ५०० वॅट, कूलर २००, पंखा ७५ आणि दोन एलईडी ट्यूब मिळून ४०. बेरीज आली १९१५ वॅट. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपल्या घरी वीज २३० व्होल्टची असते. मुलाने भागाकार केला. उत्तर आठच्या थोडे वर आले. मोटारींमुळे प्रत्यक्षात विद्युतधारा आणखी थोडी जास्त असते, म्हणून वायरमननी दहा अँपिअर धरले.

"मग दहा अँपिअरची साधी वायर चालेल ना?"

"मोटार सुरू होताना क्षणभर पाचसहा पट धारा ओढते, ते विसरलास."

पाण्याची नळी अरुंद असेल तर टोकाला धार बारीक होते. तसेच विजेचे आहे. मीटरपासून शेडपर्यंतचे अंतर वळणे धरून २० मीटर होते. एवढ्या अंतरावर १ चौरस मिलिमीटरची बारीक तांब्याची तार टाकली, तर मोटार सुरू होताना सुमारे २५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिवे मंद होतात, मोटार गुरगुरत राहते आणि तार तापते. ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर हाच तोटा सहासात व्होल्टवर येतो. तार महाग पडते, हे खरे. पण तार एकदाच टाकायची असते.

ही तार न्यायची कशी? वरून न्यायची तर वेगळी मजबूत तार ताणून, माणसाचा किंवा शिडीचा हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून न्यावी. जमिनीखालून न्यायची तर लोखंडी कवचाची केबल घ्यावी. मिस्त्रींनी दुसरा मार्ग पत्करला. पाऊण मीटर खोल चर खणला. त्यात वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू आणि वर विटांची ओळ घातली. विटा कशासाठी? पुढे कधी कोणी तेथे खणू लागला, तर कुदळ आधी विटेवर आपटेल आणि खाली काहीतरी आहे हे कळेल. वाटेत केबलला कुठेही जोड दिला नाही. धंद्यासाठी वीज वापरायची तर दर आणि मंजूर भार यांचे नियम वेगळे असतात. त्यासाठी मिस्त्रींनी आधीच महावितरणच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली आणि अर्ज दिला.

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. तो नीट वाचा.

विदर्भात दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत एकच बातमी पुन्हा पुन्हा छापून येते : कूलरचा धक्का लागून मृत्यू. कधी मरणारे लहान मूल असते, कधी घरातली बाई, कधी मुलाला वाचवायला धावलेला बाप. असे का होते? कूलरची पेटी लोखंडी असते. तिच्या आत पाणी असते आणि पाण्यात विजेचा पंप असतो. पंपाच्या वायरचे वेष्टन फाटले की वीज पेटीत उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. पंखा फिरत असतो, वारा येत असतो. खाली सांडलेल्या पाण्यात कोणी अनवाणी उभे राहून पेटीला हात लावतो आणि वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते.

तुम्ही म्हणाल, अशा वेळी फ्यूज उडत नाही का? उडत नाही. हे समजून घ्या. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर धारा वाहते. माणसाचे हृदय बंद पाडायला तिच्या निम्मीही पुरते. पण १६ अँपिअरच्या फ्यूजला किंवा एमसीबीला ही धारा एखाद्या छोट्या दिव्याइतकीच वाटते. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला वाचवत नाही.

माणसाला वाचवण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी. उपकरणाची धातूची पेटी जाड तारेने जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पट्टीला जोडतात. पेटीत वीज उतरली की तिला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळते आणि फ्यूज उडतो. तीन पायांच्या प्लगमधला सर्वांत मोठा पाय या अर्थिंगचा असतो. तो लांब असतो, कारण प्लग खोचताना तो सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. पुष्कळ लोक प्लग सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून हाच पाय तोडून टाकतात.

मिस्त्रींच्या अंगणात अडीच मीटर लांबीची लोखंडी नळी पुरली आणि तिच्याभोवती मीठ व कोळसा घातला. कोळसा ओल धरून ठेवतो. पण एक गोष्ट वायरमननी बजावून सांगितली. अकोल्याची माती काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. खड्डा सुकला की अर्थिंग निकामी होत जाते. म्हणजे ज्या महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो, नेमकी त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमजोर असते! म्हणून उन्हाळाभर खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायचे. हे काम मुलाने आपल्याकडे घेतले.

दुसरी गोष्ट म्हणजे ईएलसीबी नावाचे स्विच. ते विजेचा हिशेब ठेवते. एका तारेने जेवढी धारा शेडमध्ये गेली, तेवढीच दुसऱ्या तारेने परत यायला हवी. कमी आली तर मधली कुठे गेली? कदाचित कोणाच्या शरीरातून जमिनीत. हा फरक ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भागांएवढा झाला, की हे स्विच डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वीज तोडते. त्यावर 'टी' अक्षर लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. वीज गेली तर स्विच जागे आहे. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवायचे.

हे सर्व झाल्यावर कूलर बसला. कूलर हवा कशी गार करतो? माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. एक लीटर पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेते. कूलरच्या जाळ्यांतील वाळा किंवा लाकडाचे कीस पाण्याने भिजतात. त्यांतून बाहेरची कोरडी हवा ओढली जाते. पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. तुम्ही घरी ज्याला खस म्हणता, त्यालाच मराठीत वाळा म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. अकबराच्या काळात खसच्या टट्ट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात गारवा करत असत. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. पंखा आणि पंप नंतर आले, विद्या तीच राहिली.

मुलाला कूलर शेडच्या आत, कोपऱ्यात ठेवायचा होता. वायरमननी तो खिडकीबाहेर बसवला आणि समोरच्या भिंतीतली झडप उघडी ठेवायला लावली. कूलर आत ठेवला तर तो तीच ती हवा पुन्हा पुन्हा भिजवतो. थोड्या वेळाने हवेत पाणी मावेनासे होते आणि माणूस घामाने चिकट होतो. त्याला सतत कोरडी हवा हवी आणि ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. अकोल्याच्या मे महिन्यातील ४५ अंशांची कोरडी हवा चांगल्या कूलरमधून २८ ते ३० अंशांवर येऊ शकते. असा कूलर तासाला आठदहा लीटर पाणी सहज पितो. त्याची तयारी ठेवावी लागते. वाऱ्याची दिशाही पाहावी लागते. वारा कारागिराच्या पाठीकडून यावा आणि भुसा घेऊन समोरच्या झडपेने बाहेर जावा.

मात्र हीच युक्ती भिवंडीत चालत नाही. तेथे समुद्र जवळ आहे आणि हवा आधीच दमट असते. अशा हवेत पाण्याची वाफ फारशी होत नाही. भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कूलरपेक्षा वर पांढरा रंग आणि भिंतीत गरम हवा बाहेर फेकणारा पंखा अधिक उपयोगी पडतो. वातानुकूलन यंत्र दोन्हीकडे चालते. पण फटी असलेल्या तापल्या शेडमध्ये ते आठ तास पूर्ण जोराने चालले, तर सुमारे बारा युनिट वीज खाते. तेवढ्याच वेळात २०० वॅटचा कूलर दोन युनिटही घेत नाही.

कूलर सुरू करण्यापूर्वी वायरमननी घरातल्या सगळ्यांना बोलावले. अम्मीलाही आणि धाकट्या बहिणीलाही. ते म्हणाले, "पाणी भरायचे असेल तर आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, मगच पाण्याला हात लावा. नुसते बटण बंद करून चालणार नाही. पायांत चप्पल हवी आणि जमीन कोरडी हवी."

धाकटीने विचारले, "आणि कोणाला धक्का लागलाच तर?"

"तर त्याला हात लावायचा नाही. किती जवळचा असला तरी नाही. धावत जाऊन मुख्य स्विच बंद करायचे. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करायचे. मग १०८ वर फोन करायचा. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहायचे. हे शाळेत शिकून घ्या."

कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करावी लागते, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. हे मात्र अम्मीला आधीच माहीत होते. महानगरपालिकेच्या लोकांपेक्षा त्या याबाबत जास्त कडक होत्या.

दुपारी दोन वाजता मिस्त्रींनी नवे मशीन सुरू केले. दिवे मंद झाले नाहीत. मुलगा बादली घेऊन अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला.

स्वाध्याय

१. वायरमननी सर्वांत आधी कोणती वायर उतरवायला सांगितली? का?
२. "फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला वाचवत नाही," याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. काळ्या मातीत अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी का घालावे लागते?
४. अकोल्यात उपयोगी पडणारा कूलर भिवंडीत का चालत नाही?
५. हवा, कारखाना, कारागीर, जमीन, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या घरातील तीन पायांचे प्लग मोठ्या माणसांना बरोबर घेऊन पाहा. एखाद्याचा मोठा पाय तुटलेला आढळला का? काय केले ते पाच ओळींत लिहा.